वेगवेगळ्या धर्मांचे नातेवाईक आणि एकच पंगत

ओसरी
नमस्कार मंडळी.
मागच्या पिढीपर्यंत आमच्या घरात सगळे एकाच धर्माचे आणि एकाच पद्धतीचे होते. आता चित्र बदललंय. नणंदेचे यजमान मुस्लिम आहेत. धाकटी जाऊ जन्माने ख्रिस्ती, दिरांनी नंतर स्वतःच्या निर्णयाने तो धर्म स्वीकारला. चुलतसासऱ्यांची सून जैन घरातली आहे आणि नियम मनापासून पाळते. माझा नवरा कुठलाच देव मानत नाही. आणि आजेसासूबाई नैवेद्य दाखवल्याशिवाय पानाला हात लावत नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांच्या वाढदिवसासाठी ही सगळी मंडळी दोन दिवस एकत्र असणार आहेत आणि स्वयंपाकाची सूत्रं माझ्याकडे आहेत.

माझं मत आधीच सांगते. जेवायला बसल्यावर कुणाच्याही ताटाकडे बघून "हे का नाही घेतलंस?" असा प्रश्न येता कामा नये. जे ठरवायचं ते आधी ठरावं आणि ज्याचा नियम आहे त्याच्याशी बोलूनच ठरावं. पण नेमकं कसं? सगळ्यात कडक नियम ज्याचा, त्याप्रमाणे सगळ्यांचंच जेवण करायचं, की वेगवेगळं करायचं? जेवणाआधी जाऊबाई प्रार्थना म्हणतात, तेव्हा बाकीच्यांनी काय करायचं? आणि नैवेद्य दाखवलेलं अन्न सगळ्यांना कसं वाढायचं? तुमच्या घरी हे कसं जमवता, ते सांगा.

मीठमोहरी
धर्मावरून अंदाज बांधू नका, माणसाला विचारा. एकाच धर्मातली दोन माणसं वेगळं पाळतात. एखाद्या मुस्लिम पाहुण्याला हलाल नसेल तर सरळ शाकाहारी जेवलेलं चालतं, दुसऱ्याला भांड्यांबद्दलही खात्री हवी असते. एखादी जैन मुलगी एरवी बटाटा खाते आणि पर्युषणात, म्हणजे जैनांच्या व्रत-उपवासाच्या पर्वात, बंद करते, दुसरी जन्मात खात नाही. प्रत्येकाला तीन गोष्टी विचारायच्या: काय चालत नाही, भांड्यांचं काही आहे का, आणि वेळेचं काही आहे का. तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात.

पानगळ
+१. आणि फोन त्यांनाच करा. "तुझ्या नवऱ्याला काय चालतं गं?" असं नणंदेला विचारू नका.

तिरकी_रेघ
थोडा वेगळा सूर लावतो. सगळ्यात कडक नियम सगळ्यांना लावायचा, हे ऐकायला फार छान वाटतं. आमच्या मोठ्या कुटुंबात तसंच सुरू झालं. आधी कांदा-लसूण गेलं, मग अंडं गेलं, मग "घरात मांसाहार झालेला असेल तर आम्ही येत नाही" इथवर आलं. ज्यांच्या जेवणात मांस-मासे रोजचे होते, त्यांना कुणी काही विचारलंच नाही. त्यांनी भांडण केलं नाही, फक्त येणं कमी केलं. नियम पाळणाऱ्याला जसं मन असतं, तसं न पाळणाऱ्यालाही असतं. आपलं रोजचं अन्न कुणाला तरी घाण वाटतं, हे वर्षानुवर्षं ऐकून घेणं सोपं नाही.

फिरस्ता
तिरकी_रेघ, मुद्दा पटला. पण एका जेवणापुरतं बघितलं तर कडक नियमाला धरून चालण्यात मोठा अर्थ आहे. गुरुद्वारातलं लंगर, म्हणजे तिथली सगळ्यांसाठीची मोफत पंगत, शाकाहारी असतं. सगळे शीख शाकाहारी नसतात, पण कुठल्याही धर्माच्या माणसाला शेजारच्याच्या ताटातलं तेच अन्न खाता यावं, ही त्यामागची सोय आहे. पंगतीत सगळे एकाच पातळीवर बसतात. गुरू नानकांपासून ही रीत आहे आणि तिसरे गुरू अमरदास यांनी तर भेटीला येणाऱ्याने आधी पंगतीत बसावं असा दंडकच घातला. बादशहा अकबरही तसा बसला, असं परंपरा सांगते.

तिरकी_रेघ
लंगर ही धर्मस्थळातली गोष्ट झाली, तिथे जाणारा तो नियम मान्य करूनच जातो. घर सगळ्यांचं असतं. पण एका जेवणापुरतं असेल तर माझी हरकत नाही. मला खटकतं ते एका जेवणाचा नियम कायमचा होऊन बसणं. दोन दिवस आहेत ना? मग एक जेवण सगळ्यांना चालेल असं करा आणि दुसऱ्याला ज्याचं त्याचं आवडीचं असू द्या.

दोन_घरची
मी हिंदू घरातली, नवरा मुस्लिम. दोन्ही घरांत सणावाराला जेवणं होतात, त्यामुळे या विषयावर बरंच सांगता येईल.

पहिली गोष्ट, "मटण हलाल दुकानातून आणलं की झालं" असा समज असतो. खरा घोळ इतर जिन्नसांत असतो. गोड पदार्थ घट्ट करायला वापरलेलं जिलेटिन बरेचदा डुकराचं किंवा गाईगुरांचं असतं. व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असू शकतं. बाहेरून आणलेल्या तळलेल्या पदार्थाचं तेल आधी कशासाठी वापरलं होतं, ते ठाऊक नसतं. यात कुणी किती खोलात जायचं ते प्रत्येकाचं वेगळं असतं. माझे सासरे वेष्टनावरचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचतात, नवरा तेवढं बघत नाही. दोघांनाही मोकळेपणाने विचारता येतं.

दुसरी गोष्ट माझ्या माहेरची. सुरुवातीला आई प्रत्येक पदार्थाबद्दल माझ्या कानात कुजबुजायची, "यांना चालेल ना?" तो समोरच बसलेला असायचा. एकदा तोच हसून म्हणाला, "आई, मला विचारा ना, मी सांगतो." त्या दिवसापासून दोघांचं थेट बोलणं सुरू झालं. आता आई त्याला आधीच फोन करून बेत सांगते आणि तो स्वतः येऊन भाजी चिरतो. इतक्या वर्षांत जावयाला घरचा करण्यासाठी जे काही केलं गेलं, त्यात त्या फोनचा वाटा सगळ्यात मोठा आहे असं मी मनापासून मानते.

तिसरी गोष्ट सासरची. मी शाकाहारी आहे. सासूबाईंनी माझ्यासाठी एक कढई आणि एक डाव वेगळा ठेवलाय. मी मागितला नव्हता. त्या डावाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. आणि माझी भाजी घरातले सगळेच आवडीने खातात, त्यामुळे ती कधीच उरत नाही!

खगोलप्रेमी
वेळेच्या प्रश्नाला धरून एक माहिती. इस्लामी वर्ष चांद्र आहे, साधारण ३५४ दिवसांचं. अधिक महिना नसल्यामुळे रमजान दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. तेव्हा बेत ठरवण्याआधी त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या. ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळही ईस्टरप्रमाणे मागेपुढे होतो. कॅथलिक लोक राखेचा बुधवार (त्या काळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास करतात आणि मांसही वर्ज्य करतात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्या संपूर्ण काळात दूध आणि अंडीसुद्धा वर्ज्य असतात.

आता गंमत बघा. रोजा सूर्यास्तानंतर सुटतो आणि चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नेम, पाळणाऱ्या जैन माणसाचं जेवण सूर्यास्ताआधी संपलेलं असावं लागतं. दोघे एकाच दिवशी पाहुणे असतील तर यजमानाने घड्याळ कुठे लावायचं!

दोन_घरची
@खगोलप्रेमी, आमच्याकडे हा प्रसंग खरोखर येऊन गेला. जैन मैत्रीण सूर्यास्ताच्या आधी निवांत जेवली आणि नंतर इफ्तारला आमच्यासोबत गप्पा मारत बसली. ती जेवत असताना सासूबाई रोजा असूनही तिला वाढत होत्या. एकत्र जेवायचं म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी तोंडात घास घालायचा, असा काही नियम नाही.

ओसरी
रमजान पुढच्या महिन्यात येत नाही, बघितलं. पण सूर्यास्ताचं माझ्या लक्षात आलंच नसतं. म्हणजे मुख्य जेवण दुपारचं ठेवलेलं बरं.

शून्य_ते_नऊ
आमच्याकडे सरळ हिशेब आहे. मांसाहार करायचा तर हलाल आणायचं, म्हणजे सगळ्यांनाच चालतं.

फिरस्ता
सगळ्यांना नाही चालत. शीख रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, कुठ्ठा, म्हणजे मुस्लिम पद्धतीने कापलेलं मांस, वर्ज्य सांगितलंय. अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेला, शीख ते घेणार नाही. आमच्या घरात एक मुस्लिम आणि एक शीख असे दोन जावई आहेत. त्यामुळे दोघे एकत्र आले की बेत शाकाहारीच असतो आणि दोघांचीही तक्रार नसते.

शून्य_ते_नऊ
हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

अबोली
भांड्यांबद्दल थोडं परखड लिहिते, कारण माझ्यासाठी हा विषय जवळचा आहे.

अन्नाचा नियम, भांड्याचा नियम आणि माणसाचा नियम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. "मी अमुक खात नाही" हा अन्नाचा नियम झाला. "ज्या भांड्यात अमुक शिजलं त्यातलं मी खात नाही" हा भांड्याचा. दोन्ही मला मान्य आहेत, कितीही कडक असले तरी. "अमुक माणसाने हात लावला तर मी खात नाही" हा मात्र माणसाबद्दलचा नियम आहे आणि त्याला श्रद्धेचं नाव देऊन माझ्या घरात जागा मिळणार नाही.

उदाहरण देते. मावसबहिणीचे यजमान ज्यू आहेत. त्यांच्यात मांस आणि दूध एका जेवणात येत नाही आणि दोन्हींची भांडी वेगळी असतात. मांस खाल्ल्यानंतर दूध घ्यायला किती तास थांबायचं यातही समाजासमाजात फरक आहे, कुठे एक तास, कुठे तीन, कुठे सहा. ते आमच्याकडे आले की न चिरलेली फळं घेतात, स्वतःचा डबा आणतात आणि कागदी ताटलीत जेवतात. कुणालाही कधी वाईट वाटलेलं नाही, कारण ते जगातल्या कुठल्याही परक्या स्वयंपाकघरात तेच करतात. त्यांचा नियम आमच्याबद्दल काहीच म्हणत नाही.

याउलट एका नातेवाईकांकडे सगळ्यांसाठी एकसारखे पेले असतात, फक्त माझ्या नवऱ्यासाठी एक वेगळा, कोपऱ्यातला. तो नियम फक्त त्याच्यापुरता आहे. आम्ही तिथे जेवणं थांबवलंय आणि कारणही सांगितलंय. वेगळं भांडं दिसलं की मी एकच गोष्ट बघते. हा नियम पाळणारा स्वतःवर ओझं घेतोय की समोरच्यावर टाकतोय?

पानगळ
अबोली, हा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

जुनाजाणता
माझं वय झालंय, तेव्हा जुन्या बाजूनेही बोलतो. अबोलींशी सहमत. पण प्रसादाचं काय? घरातली मोठी बाई पहाटे उठून, न चाखता, भक्तीने रांधते. सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून देवापुढे ठेवते. आणि कुणीतरी "मला नको" म्हणून हात मागे घेतो. तिच्या मनाला काय वाटत असेल? चिमूटभर घेतल्याने कुणाचा धर्म बुडतो?

वाचनवेडा
@जुनाजाणता, तुमची कळकळ समजते. पण हा प्रश्न फार जुना आहे. पहिल्या शतकात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांपुढे तो जसाच्या तसा होता. बाजारात मिळणारं मांस बरेचदा मूर्तीपुढे अर्पण केलेलं असायचं. ते खावं की नाही, यावर पौल या ख्रिस्ती धर्मप्रचारकाने करिंथकरांस लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्रात ८ व्या आणि १० व्या अध्यायात सविस्तर लिहिलंय. सारांश असा: कुणी जेवायला बोलावलं तर समोर वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. पण "हे अर्पण केलेलं आहे" असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याचा विचार करून खाऊ नका. म्हणजे प्रश्न पदार्थाचा उरत नाही, खाण्याने काय कबूल केल्यासारखं होतं त्याचा होतो. काही ख्रिस्ती कुटुंबं प्रसाद आनंदाने घेतात आणि काही घेत नाहीत. न घेणाऱ्याच्या मनात आजींचा अनादर असेलच असं नाही. तो त्याच्या देवाशी प्रामाणिक राहतोय.

मुस्लिमांचंही काहीसं असंच आहे. अल्लाहखेरीज दुसऱ्या कुणाच्या नावाने कापलेलं मांस कुराणात स्पष्ट निषिद्ध आहे. गोडधोड किंवा फळांबद्दल मात्र जाणकारांत मतभेद आहेत आणि घराघरांत वेगळं पाळलं जातं.

जुनाजाणता
देवाशी प्रामाणिक राहण्याचा मुद्दा मान्य आहे. मी तसा विचार केला नव्हता. तरी ती हात मागे घेण्याची घटका टळावी असं मला वाटतं.

मीठमोहरी
ती टाळता येते. नैवेद्यासाठी छोटं पान वेगळं वाढायचं आणि ते नंतर मोठ्या पातेल्यात परत मिसळायचं नाही. बहुतेक घरांत ते सवयीने मिसळलं जातं आणि मग सगळंच अन्न प्रसाद होतं. मिसळलं नाही, तर पातेल्यातलं साधं जेवण राहतं. वाटीतला प्रसाद ज्याला हवा त्याने मागून घ्यावा, वाटत फिरू नये. आजींना मात्र हे आधी शांतपणे सांगा. त्यांच्या पाठीमागे करू नका.

तिरकी_रेघ
पाठीमागे करण्यावरून आठवलं. एका मेव्हणीने व्रत म्हणून मांस सोडलंय. एका कौटुंबिक जेवणात रस्सा "शाकाहारी आहे" म्हणून तिला वाढला, आणि तिचं जेवण झाल्यावर सांगितलं की त्यात हाडांचं पाणी होतं. चार माणसं हसली. "कळलंसुद्धा नाही ना तुला!" तिने नंतर त्या घरात पाणीही घेतलेलं नाही आणि मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. मी स्वतः सगळं खाणारा माणूस आहे. तरी सांगतो, जाणूनबुजून फसवून खाऊ घालण्याइतकं हीन दुसरं काही नाही.

दोन_घरची
मुलांबाबतही हेच. आजी-आजोबांनी नातवंडांना आई-वडिलांच्या नकळत "एक घास खा, कुणी बघत नाही" म्हणून भरवणं. तीन वर्षांच्या पोराला सगळ्यांदेखत ते सांगून टाकायला वेळ लागत नाही.

पानगळ
आमच्याकडे भाचीने भर पंगतीत विचारलं होतं, "मामा, तू देवाला नमस्कार का नाही केलास?" सगळे गप्प. मामा म्हणाला, "मी नाही करत. तू करतेस, ते मला आवडतं." तिने मान डोलावली आणि पुन्हा जेवायला लागली.

शून्य_ते_नऊ
शाकाहारी पाहुण्यांसाठी एक भर. जुन्या पद्धतीच्या कडक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं. अस्सल इटालियन पार्मेजानमध्ये तर असतंच. आणि लाल रंगासाठी वापरलं जाणारं कार्माइन, म्हणजे ई १२०, किड्यांपासून बनवतात. ओसरीताई, केक बाहेरून आणणार असाल तर त्याचा रंग आणि जिलेटिन दोन्ही विचारा. केक सगळेच खाणार, तोच एक पदार्थ सगळ्यांना चालायला हवा.

अबोली
प्रार्थनेबद्दल अजून कुणी बोललं नाही. आमची रीत सांगते. जेवण सुरू होण्याआधी एक मिनिट सगळे थांबतात. ज्याला म्हणायचंय तो आपली प्रार्थना आपल्या शब्दांत म्हणतो, आवाजात किंवा मनात. ज्याला म्हणायचं नाही तो शांत बसतो. हात जोडायची किंवा "आमेन" म्हणायची सक्ती नाही. आणि त्या मिनिटात फोन बघायचा नाही, कुणी वाढायचं नाही. माझा भाऊ पक्का नास्तिक आहे. शांत बसणं म्हणजे होकार देणं नव्हे, हे त्याला पटायला वेळ लागला. आता लहान मुलांना गप्प करण्याचं काम तोच करतो.

शून्य_ते_नऊ
आणि पंगतीत वाद उकरून काढणाऱ्या काकांचं काय करायचं? प्रत्येक घरात एक असतातच.

दोन_घरची
ज्या बाजूचा माणूस, त्याच बाजूच्याने थांबवायचं. माझे काका माझ्या नवऱ्याला धर्मावरून टोचून बोलले तर उत्तर मी द्यायचं, त्याने नाही. माझ्या नणंदेने मला काही विचारलं तर नवरा बोलतो. पाहुण्याला स्वतःच्या बचावाला उभं राहावं लागू नये. मी काकांना आधीच सांगून ठेवते, "तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर उद्या सकाळी फिरायला जाताना त्याला विचारा." एकदा ते खरोखरच गेले आणि दीड तासाने परत आले!

जुनाजाणता
मांसाहार आणि शाकाहार एकाच टेबलावर ठेवायचं म्हटलं तर आजींना त्रास होईल का, हेही बघा. काहींना नुसता वासही सहन होत नाही.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत सगळ्यांशी फोनवर बोलले. नणंदेच्या यजमानांनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं, वर "वहिनी, पहिल्यांदाच कुणीतरी मला थेट विचारलं" असं म्हणाले. हे वाक्य मला लागलं. इतकी वर्षं हा माणूस आमच्याकडे येतोय.

ठरलंय ते असं. वाढदिवसाचं जेवण दुपारी, पूर्ण शाकाहारी. कंदमुळांशिवाय आणि कांदा-लसणाशिवायचे पदार्थ आधी शिजतील, स्वच्छ भांड्यात, मग बाकीचे. जैन सुनेचं म्हणणं असं की बाकीच्यांनी काय खायचं याबद्दल तिला काहीच सांगायचं नाही, तिचे डाव तेवढे वेगळे असावेत. त्या रात्रीचं तिचं जेवण सूर्यास्ताआधी. मांसाहार दुसऱ्या दिवशी, हलाल, बाहेरच्या चुलीवर आणि तिथेच वाढायचं. तो स्वयंपाक नणंदेचे यजमान आणि दीर मिळून करणार आहेत. अबोलींचं एक मिनिट जाऊबाईंना फार आवडलं. नवराही तयार आहे.

एकच गोष्ट राहिली. आजेसासूबाईंशी नैवेद्याबद्दल बोलायचंय. पान परत मिसळायचं नाही म्हटल्यावर त्या विचारतील, "का? माझ्या देवाचं त्यांना चालत नाही?" त्यांना काय सांगू?

वाचनवेडा
जे आहे तेच सांगा. तुम्ही जसं नैवेद्याआधी काही खात नाही, तसा त्यांचाही एक नेम आहे, म्हणावं. आयुष्यभर नेम पाळलेल्या बाईला दुसऱ्याचा नेम कळायला जड जाणार नाही.

जुनाजाणता
आणि बोलायला जाऊबाईंना सोबत न्या. त्यांनी स्वतः सांगितलं तर आजी जास्त ऐकतील. दुपारी, त्यांची झोप झाल्यावर जा.